एका उंचीची अक्षरं

गनीभाई,

हिवरा आश्रमाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ती भिंत परवा पुन्हा पाहिली. निळा रंग पार फिका पडलाय, खालचा गिलावा सुटलाय, पण तुमचं नाव आणि मोबाइल नंबर अजून धावत्या बसमधून वाचता येतो. तुम्हाला जाऊन दोन पावसाळे झाले. मेलेल्या माणसाचा नंबर भिंतीवर उभा आहे, आणि त्या भिंतीचं काय करायचं हे आपल्या दोघांत ठरलं होतं न ठरलं होतं, तसंच राहिलं. तुम्हाला बारीक अक्षराचा कंटाळा. हातभर उंच नसेल तर तुम्ही वाचायलाच तयार नसायचा. तेव्हा पत्र इथंच पुरे. पुढचं मी लोकांना सांगते, कारण मेहकरात तुमच्याविषयी भलतंच सांगत फिरतात. कुणी म्हणतं गनी पेंटरने बोगस बियाणं विकलं, कुणी म्हणतं त्याने सुपारी घेऊन बियाणंवाल्या उत्तमरावाचं डोकं फोडलं. दोन्ही खोटं. डोकं फोडलं ते खरं, पण सुपारी नव्हती.

अब्दुल गनी पिंजाऱ्याच्या घरचा. बाप खांद्यावर पिंजण टाकून गल्लोगल्ली गाद्या भरत फिरायचा. रुईचे तंतू पोराच्या छातीत जायचे आणि तो निळा होईस्तोवर खोकायचा, म्हणून बापाने त्याला दयाराम पेंटरच्या हाताखाली घातलं. तिथं खोकला थांबला आणि मार सुरू झाला. दयाराम भिंतीवर दोन टोकांना खिळे ठोकायचा, निळीत बुडवलेली दोरी ताणून टणकन सोडायचा. वर एक रेघ, खाली एक रेघ. अक्षर या दोन रेघांत बसलं पाहिजे. बाहेर गेलं की लोखंडी पट्टी बोटांच्या पेरांवर. गनीची उजव्या हाताची पेरं लहानपणीच जाडी झाली होती, आणि ती तो मोठ्या अभिमानाने दाखवायचा.

आता मराठी अक्षर दोन रेघांत कुठलं बसायला? वर वेलांट्या, खाली उकार. इंग्रजीची धाकटी अक्षरंही तशीच, कुणाची शेपूट खाली तर कुणाची मान वर. दोन रेघांत अंग चोरून सरळ उभी राहतात ती फक्त कॅपिटल. गनीचा त्यांच्यावर जीव बसला तो असा, पट्टीच्या भीतीने. पुढे दयाराम गेला, पट्टी गेली, तरी गनीने धाकट्या अक्षरांना घरात घेतलं नाही. एका शिंप्याने पाटीवर पहिलं अक्षर मोठं, बाकी बारीक असा हट्ट धरला, तेव्हा गनीने रंगाचा डबा त्याच्या नव्या शिलाई मशीनवर उपडा केला. तापट माणूस होता. त्याचं कौतुक मी करणार नाही.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवायची. स्पेलिंग विचारायला तो माझ्या दाराशी येई आणि वाद घालून जाई. मी सांगितलं, नावाचं पहिलं अक्षर मोठं, बाकीची लहान, अशी रीत आहे. तो म्हणे, बाई, तुमची रीत पुस्तकात. बसमधल्या माणसाले पुस्तक दिसत नाही, भिंत दिसते. शेवटी वैतागून मी म्हटलं, काय ते एक धरा आणि मग सोडू नका. दुकानाचं नाव पाटीवर एक, शटरवर दुसरं आणि बिलावर तिसरं, असं बहुरूपी करू नका. गिऱ्हाइकाला नावाचं तोंड ओळखू आलं पाहिजे. हे मात्र त्याला पटलं. तेव्हापासून मेहकरातल्या निम्म्या बाजाराची पाटी, शटर आणि टेम्पोची पाठ एकाच घाटाची दिसायला लागली.

फ्लेक्स आले तशी पाटीची कामं गेली. उरल्या गावोगावच्या भिंती, आणि भिंती म्हणजे बियाणं. बीटी कापसाच्या दरवर्षी नव्या जाती, नवी नावं. त्या वर्षी उत्तमराव कृषी केंद्रवाल्याने त्याला बोलावलं. 'श्वेतमोहर' नावाचं नवं बियाणं होतं. कंपनीचा एक इस्त्रीतला पोरगा आला होता, त्याने मोबाइलवर कंपनीची वेबसाइट उघडून दाखवली. नाव सगळीकडे असंच, म्हणाला. सगळं कॅपिटल, हीच निळाई, एक अक्षर लहान-मोठं चालणार नाही. पाकिटावर जसं, वेबसाइटवर जसं, तसंच भिंतीवर. ज्याला वाचता येत नाही तो शेतकरी पण लांबून ओळखेल.

गनीला वाटलं, आपल्या जन्मभराच्या म्हणण्यावर कुणीतरी शिक्का मारला. घरी जाऊन त्याने अजीजुन्निसाला, म्हणजे बायकोला, ते सगळं दोनदा सांगितलं. ती बिचारी चुलीपाशी हं हं करत होती.

भिंत रंगवणाऱ्यांची एक रूढी आहे. कोपऱ्यात, बोटभर जागेत, पेंटरने आपलं नाव, गाव आणि नंबर टाकायचा. तीच त्याची जाहिरात. गनी आजवर ते मराठीत, गेरूने, कुणाच्या नजरेत येणार नाही असं टाकायचा. त्या वर्षी त्याला हौस आली. सगळं एकसारखं पाहिजे ना? मग आपलंही नाव त्याच निळ्यात, त्याच घाटाच्या कॅपिटलमध्ये, वीतभर उंच, बियाण्याच्या नावाच्या बरोबर खाली. शेजारी मोबाइल नंबर. उत्तमरावाचं नाव भिंतीवर नव्हतं. कंपनीचा पत्ता नव्हता. कंपनीच्या पद्धतीत तो बसत नाही, असं त्या पोराने सांगितलं होतं. अशा किती भिंती झाल्या कोण जाणे, पण लोणारच्या रस्त्यापासून हिवरा आश्रमापर्यंत सगळीकडे वर श्वेतमोहर आणि खाली अब्दुल गनी.

त्यातली सगळ्यात देखणी भिंत उकंडरावाची. हिवरा आश्रमाच्या रस्त्याला लागून घर, लांबलचक सपाट भिंत. भिंत दिली म्हणून घरमालकाची दाराची चौकट फुकट रंगवून द्यायची, हीही रूढी. चौकट झाली, उकंडरावाच्या बायकोने, पुष्पाबाईने, भाकरी आणि ठेचा दिला. जेवून गनी पुन्हा शिडीवर चढला आणि खाली बाजेवर पडलेल्या उकंडरावाने सहज विचारलं, "पेंटर, बियाणं खरंच चांगलं हाये काय?"

गनीच्या तोंडात ब्रशचा दांडा होता. तो काढून तो म्हणाला, "खोट्याले लपा लागते, भाऊ. चांगलं नसतं तर येवढ्या मोठ्या अक्षरात कोणं लिहिलं असतं?"

उकंडरावाने सगळ्या वावरात श्वेतमोहर लावलं. त्याचं पाहून गावानेही.

दिवाळी झाली आणि बोंडं फुटेनात. वरून हिरवी गार, आत किडलेली. अंगठ्याने बोंड उकललं की कवडीभर काळी रुई आणि तिच्यात वळवळणारी गुलाबी अळी. बीटीला ही अळी लागत नाही म्हणून तर लोकांनी लावलेलं. उकंडरावाने आधी चार दिवस फवारलं. मग एका सकाळी त्याने उभ्या पिकात ढोरं सोडली. ढोरांनी तोंड लावून मान फिरवली, तेव्हा तो त्यांनाच तुतारीने, खिळा ठोकलेल्या काठीने, मारत सुटला. एका बैलाची पाठ रक्ताने भिजली. पुष्पाबाई मध्ये पडली तर तिलाही एक फटका बसला. मग तो खाली बसून हातांनी पऱ्हाट्या, कापसाची झाडं, उपटायला लागला, तळहात सोलून निघेपर्यंत.

मेहकरात उत्तमरावाचं दुकान बंद होतं. माणूस गावात नव्हता. पाकिटावरचा नंबर लागत नव्हता. लागत होता तो एकच, भिंतीवरचा.

गनीचा फोन वाजायला लागला. पहिल्या दिवशी त्याने समजावलं की आपण फक्त रंगारी. दुसऱ्या दिवशी शिव्या ऐकून घेतल्या. तिसऱ्या दिवशी अजीजुन्निसाने फोन उचलला, आणि पलीकडच्याने बाईचा आवाज ऐकूनही जीभ आवरली नाही. तिने फोन भिंतीवर आपटायला हात उगारला. गनीने तिचं मनगट धरून तो काढून घेतला. तिचं म्हणणं होतं, नंबर बंद करा. त्याचं म्हणणं, नंबर भिंतीवर आहे. बंद केला की लोक म्हणतील पळाला. उत्तमरावात आणि आपल्यात मग फरक काय? ती म्हणाली, फरक हाच की तो जिवंत राहील.

पुढच्याच आठवड्यात उकंडरावाचा फोन आला. शिवी नाही, आरडाओरडा नाही. भिंतीचे पोपडे निघालेत, एकदा येऊन जा, म्हणाला. गनीला त्या शांत आवाजात खोट जाणवायला हवी होती. जाणवलीही असेल. पण त्या भिंतीवर आपण काय बोलून आलो हे त्याला आठवत होतं. त्याने शिडी एसटीच्या टपावर टाकली आणि गेला.

अंगणात उपटलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग आणि भोवती गाव. कुणी राम राम घातला नाही. उकंडरावाने एक बोंड त्याच्या डोळ्यांसमोर उकललं.

"हे काय हाये?"

"अळी."

"भितीवर काय लिवलं?"

"श्वेतमोहर."

"अन् खाली?"

"माहं नाव."

"मंग बियाणं कोणाचं, बे?"

कंपनीचं, असं तो म्हणाला असावा; त्याचं त्यालाही नीट आठवत नव्हतं, कारण त्याच वेळी पहिली पऱ्हाटी तोंडावर बसली. वाळली पऱ्हाटी म्हणजे चाबकाहून वाईट. काटकी मोडते आणि मोडलेलं टोक मांसात राहतं. मारणाऱ्यांत ओळखीची तोंडं होती. ज्यांच्या चौकटी त्याने फुकट रंगवल्या होत्या, ते. एकाने किडकी बोंडं त्याच्या तोंडात कोंबली आणि नाक दाबून गिळायला लावली. एकाने डोकं धरून भिंतीवर, त्याच्याच नावावर, आपटलं. निळ्यावर लाल उठून दिसतं. गनी नंतर मला म्हणाला, बाई, रंगाचा मेळ वाईट होता. माणूस असा.

मग कुणीतरी म्हणालं, ज्या हाताने लिवलं तो हात. शिडी जमिनीवर आडवी टाकली, दोन पायऱ्यांमधून त्याचा उजवा हात ओढून धरला, आणि उकंडराव घरात जाऊन वरवंटा घेऊन आला. पहिला घाव मनगटावर, दुसरा बोटांवर. तिसऱ्याला हात वर गेला तेव्हा पुष्पाबाई विळा घेऊन बाहेर आली. मध्ये पडायला तिने आधी वरवंटाच शोधला होता, सापडला नव्हता, आणि का सापडला नाही हे तिला एका क्षणात कळलं. ती नवऱ्याच्या आणि शिडीच्या मध्ये उभी राहिली. विळा तिने उकंडरावाच्या पोटाला लावला.

"ह्याचं नाव वाचता येते म्हणून ह्याले मारता काय?" ती म्हणाली. "ज्याचं नाव भितीवर नाही, त्याले धुंडा ना. त्याच्यासाठी दम पाहिजे. हा तर बोलावलं तं आला बिचारा, शिडी घेऊन."

उकंडरावाने वरवंटा टाकला. तो पुष्पाबाईच्याच पायावर पडला आणि तिचा अंगठा फुटला. ती हलली नाही.

हात जोडला गेला, पण वाकडा. त्यात डॉक्टरचा काही दोष नाही. ब्रश धरता येतो का पाहायला गनीने प्लास्टर आधीच विळीने कापून काढलं. दोन बोटं कायमची ताठ राहिली. पोलिसाने जबाब घेताना विचारलं, कोणी मारलं. गनीने उत्तमरावाचं नाव सांगितलं.

"उत्तमराव तथी होता काय?"

"नव्हता. तेच तर."

पोलिसाला वाटलं, डोक्यालाही मार लागलाय. तक्रार काही पुढे गेली नाही. उकंडरावाचं नाव गनीने शेवटपर्यंत दिलं नाही, आणि ही माफी नव्हती. आपण शिडीवरून त्याला जबान दिली होती, तिचा हिशेब हातावर चुकता झाला, असं त्याचं मत. दुसरा हिशेब बाकी होता.

तो हिशेब पेरणीच्या तोंडाशी निघाला. उत्तमराव परत आला, दुकान उघडलं, उदबत्ती लावली. बियाणं नवं, नाव नवं, वेबसाइटही नवी. त्याने गनीलाच निरोप धाडला. झालं गेलं विसर, दुसरा पेंटर तुझ्यासारखी अक्षरं काढत नाही. डाव्या हाताने जमत असेल तर भिंती तुलाच. फक्त या वेळी खाली स्वतःचं नाव नको.

गनी शिडी घेऊनच गेला. शिडी नवी होती. जुनी उकंडरावाच्या अंगणात राहिली होती. दुकानात गिऱ्हाईक होतं, सगळ्यांच्या देखत त्याने अट सांगितली. बियाण्याचं नाव जेवढं उंच, तेवढंच उंच उत्तमरावाचं पूर्ण नाव, घरचा पत्ता, नंबर. त्याच कॅपिटलात, त्याच दोन रेघांत. सगळं एकसारखं पाहिजे, असं तुमच्याच कंपनीने शिकवलं ना?

उत्तमराव हसला. "गनी, मालाचं नाव मोठं असते. माणसाचं कशाले?"

"माहं होतं," गनी म्हणाला.

तो बाहेर आला, दर्शनी भागाला शिडी लावली आणि वर चढला. दुकानाची पत्र्याची पाटी त्याचीच. त्याने कमरेचा हातोडा काढला आणि डाव्या हाताने पहिल्या अक्षरावर घातला. पत्रा असा काही कडाडला की समोरच्या हॉटेलातले लोक रस्त्यावर आले. स्वतःची अक्षरं तो एकेक करून चेचत गेला, डावीकडून उजवीकडे, एकही न सोडता. चार-पाच अक्षरं उरली असताना दुकानातल्या हमालाने शिडी ओढली. गनी वरून कोसळला तो बियाण्याच्या पाकिटांवर. उत्तमराव पुढे झाला आणि त्याने बुटासकट त्याच्या त्या वाकड्या हातावरच पाय दिला. चुकून की मुद्दाम, देव जाणे. गनीच्या डाव्या हाताला स्वतःच्या सामानातला टर्पेंटाइनचा भरलेला डबा लागला. तो त्याने वर फिरवला. डब्याची कड उत्तमरावाच्या भुवईपासून केसांपर्यंत कातडी उघडत गेली, आणि वरून टर्पेंटाइन त्या जखमेत. तो जो ओरडला ते बसस्टँडपर्यंत ऐकू गेलं. गनीला लोकांनी ओढलं तरी तो डबा सोडत नव्हता. बोटं उघडायला तिघे लागले.

त्याने तुरुंग पाहिला. उत्तमरावाची एक भुवई अजून वर चढलेली आहे, सतत काहीतरी विचारत असल्यासारखी. विचारत मात्र काही नाही. दुकान जोरात चालतं.

गनी सुटून आला तो नियम घेऊन. पाटी कुणाचीही असो, मालाचं नाव ज्या उंचीचं, त्याच उंचीचं मालकाचं नाव आणि पत्ता. एक धरलं की शेवटपर्यंत. नाही तर फ्लेक्सवाल्याकडे जा. लोक हसले आणि फ्लेक्सवाल्याकडे गेले. हॉटेलात त्याला टपली मारावी तसं विचारायचे, काय पेंटर, चहावाल्याचं नाव कपावर टाकू काय? तो म्हणे, टाक, विष निघालं तर कोणाच्या घरी जायचं ते समजेल. डाव्या हाताने अक्षर यायला त्याला फार त्रास झाला. यायला लागलं तेव्हा काम नव्हतं. एक पिठाची गिरणी, एक पंक्चरवाला, एक बौद्धवाड्यातली वकील मुलगी, एवढेच त्याच्या अटीला तयार झाले. मीही माझ्या फाटकावर लावून घेतली. पाटी सरळ आहे, बघून जा.

मग एके दिवशी उकंडराव त्याच्या दारात उभा राहिला, खांद्यावर जुनी शिडी. रक्ताच्या डागांची पायरी बदलून नवी बसवलेली. गनी घरात होता. दार उघडलं अजीजुन्निसाने. तिने त्याला पाहिलं, मागे वळून सरपणातलं लाकूड उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. पुन्हा घातलं. लाकूड मोडलं तेव्हा दुसरं उचललं. तो मान खाली घालून उभा राहिला. शिडी त्याने खांद्यावरून उतरवली नाही, हातही आडवा केला नाही. तिचा दम संपल्यावर शिडी भिंतीला टेकवून आतल्या अंधाराला उद्देशून म्हणाला, "पेंटर, भित तशीच हाये. कोणाले हात लावू देल्ला नाही. तुमचं नाव हाये, तुम्हीच सांगा काय करायचं ते. पुष्पीनं बी सांगतलं हाये, जेवाले या." आणि पाठ धरून गेला.

भिंतीचं काय करायचं ते असं आम्हा दोघांकडे आलं. गनीला बसमध्ये शिडी चढवणं आता जमत नव्हतं आणि माझ्याकडे गाडी होती. मी म्हटलं, चला, चुना घेऊ, ब्रश घेऊ, तासाभराचं काम. तो हो म्हणाला. मग म्हणाला, चुना कशाले, आपलं नाव राहू द्यावं आणि शेजारी उत्तमरावाचं पूर्ण नाव पत्त्यासकट त्याच उंचीत काढावं. मी म्हटलं, तेही चालेल, निळा घेऊ. मग म्हणाला, नको, पुसूच. मग म्हणाला, आधी एकदा पाहिलं पाहिजे, बाई, रेघ अजून सरळ हाये का. उजव्या हाताची ती शेवटची भिंत. मला असल्या घोळाचा राग येतो. मी सांगितलं, चुना आणि निळा दोन्ही डिकीत ठेवते, रविवारी नऊ वाजता फाटकाशी या, काय करायचं ते रस्त्यात ठरवा.

तो आला होता. पावणेनऊलाच. पण पायऱ्यांवर बसून खोकत होता, लहानपणीसारखा, ओठ निळे होईस्तोवर. मी गाडी हिवरा आश्रमाच्या रस्त्याला न घालता दवाखान्याकडे घातली. तिथून तो घरी परतला नाही.

चुन्याची पिशवी अजून डिकीत आहे. दगड झालाय तिचा. निळ्याचा डबा मी उघडलेला नाही.